क्षीण संकेतांचा इतिहास

कांचघरातील आमच्या घराच्या गच्चीवर एक तांब्याची तार ताणलेली आहे. ती कपडे वाळत घालण्याची नव्हे, हे प्रत्येक नव्या भाडेकरूस निक्षून सांगावे लागते. तिचे एक टोक पाण्याच्या टाकीच्या खांबास आणि दुसरे शेजारच्या कडुनिंबास बांधलेले असून, मधोमध एक काळी केबल खाली उतरून तात्यांच्या खोलीत शिरते. तात्यांचा सारा जन्म तारखात्यात गेला. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील तारसेवा कायमची बंद झाली, तेव्हा ते निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती. तरीही त्या दिवशी त्यांनी जेवण घेतले नव्हते असे त्यांच्या घरची मंडळी सांगतात. पुढे त्यांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळविला आणि ती तार गच्चीवर चढली.

एका हिवाळ्यातील रात्री त्यांनी मला हाक मारून नेले. रेडिओच्या कर्ण्यातून पाऊस पत्र्यावर पडावा तशी एकसारखी खरखर येत होती. "काही ऐकू येते का रे?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. तोच संगणकाच्या पडद्यावर एक ओळ उमटली: जपानमधील कोणी गृहस्थ जगाला हाक देत होते. "मलाही ऐकू आले नाही," तात्या म्हणाले. पस्तीस वर्षे ज्या कानांनी कडकट्टचे लाखो ठोके टिपले, त्या कानांचा मालक हे सांगत होता. हे त्यांस कौतुकाने म्हणावयाचे होते की खेदाने, हे मला त्या रात्री उमगले नाही.

गोंगाटाहून शंभरपटींनी क्षीण असलेला संकेत त्या गोंगाटातून उचलून वाचणारी ही आज्ञावली कोणी केली, असे विचारले असता सामान्यतः एकच उत्तर मिळते: एका नोबेल पारितोषिक-विजेत्या शास्त्रज्ञाने. उत्तर खोटे नाही. परंतु इतिहासात एकाच नावावर सारे जमा करण्याची जी सोयीस्कर खोड आपणांस लागलेली आहे, तिचाच हा एक नमुना होय. या आज्ञावलीचा इतिहास पाहू जाता ती अनेक हातांची, आणि ते हात एकमेकांस क्वचितच भेटलेले, अशी कृती आहे.

आरंभ अर्थात त्या एका माणसापासूनच करावा लागतो. जोसेफ टेलर यांचा जन्म १९४१ चा. बालपण अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातल्या शेतावर गेले. थोरल्या भावाच्या संगतीने हौशी रेडिओचा नाद लागला आणि घराच्या छपरावर अँटेना उभारण्याच्या उद्योगात या दोघांनी एकदा विटांचे धुराडेच मुळापासून उडविले, अशी आठवण त्यांनी स्वतः नमूद करून ठेवली आहे. (आमच्या कडुनिंबाची एक फांदी गेली, एवढ्यावर निभावले.) पुढे ते रेडिओ-ज्योतिषाकडे वळले. १९६७ साली जॉसलिन बेल यांना पहिला स्पंदक तारा सापडला होता. आकाशातून नियमित ठेके देणारे हे तारे म्हणजे पराकाष्ठेचे क्षीण संकेतच. १९७४ साली टेलर आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनी अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने एका जोडीदाराभोवती फिरणारा स्पंदक शोधून काढला. त्याच्या कक्षेचे सूक्ष्म आकुंचन मोजून गुरुत्वीय लहरींचा पहिला, अप्रत्यक्ष का होईना, पुरावा मिळाला आणि १९९३ साली दोघांस नोबेल पारितोषिक लाभले. अशा कामात एकच ठोका कधी उपयोगी पडत नाही. हजारो ठोके एकावर एक रचावे लागतात. गोंगाट हा इकडेतिकडे विखुरला जातो, ठोका मात्र जागच्या जागी वाढत जातो. ही युक्ती ध्यानात ठेवावी, कारण तीच पुढे तात्यांच्या खोलीत आली.

परंतु टेलर यांच्याही आधी हौशी मंडळींत एक परंपरा सुरू झालेली होती. उल्का जळताना वातावरणात क्षणभर जो विद्युतभारित पट्टा राहतो, त्यावरून रेडिओलहरी परावर्तित होतात. या क्षणाचा लाभ घेण्यासाठी युरोपातील हौशी लोक अतिवेगाने मोर्स पाठवीत आणि आलेला आवाज ध्वनिफितीवर घेऊन ती फीत मंद गतीने लावून वाचीत. १९९८ च्या सुमारास पीटर मार्टिनेझ या इंग्रज गृहस्थाने घरगुती संगणकावर चालणारी पीएसके-३१ ही पद्धत प्रसृत केली. तिची मूळ कल्पना पावेल यालोखा या पोलिश हौशी संशोधकाची. पोलंडात बी पडावे, इंग्लंडात रोप व्हावे आणि फळ साऱ्या जगाने खावे, असा तो प्रकार होता.

या भूमीत टेलर यांनी २००१ साली डब्ल्यूएसजेटी ही आपली आज्ञावली आणली. त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकन हौशी रेडिओ संघाच्या क्यूएसटी मासिकात तिचा परिचय छापून आला. तिच्यातील पहिली पद्धत उल्कांसाठी होती: सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या चमकेत दहापंधरा अक्षरे जातील अशी. दोन वर्षांनी, २००३ मध्ये, चंद्रासाठी जेटी-६५ ही पद्धत आली.

चंद्रासाठी म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. पृथ्वीवरून सोडलेली लहर चंद्रावर आपटून अडीच सेकंदांनी परत येते. १० जानेवारी १९४६ रोजी अमेरिकन सैन्याच्या संदेशवाहक दळाने हा प्रतिध्वनी प्रथम टिपला. (त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत आमच्या जबलपुरातील संदेशवाहक दळाच्या जवानांनी इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध संप पुकारून बराकी सोडल्या होत्या. या दोन घटनांत दळाच्या नावाखेरीज संबंध नाही; पण जबलपूरकरास ती तारीख आठवल्यावाचून राहत नाही.) हौशी लोकांस ही गोष्ट १९६० साली साधली. मॅसॅच्युसेट्स व कॅलिफोर्निया येथील दोन मंडळांनी चंद्रामार्गे परस्परांशी संवाद केला. परंतु त्याला प्रचंड तबकड्या लागत, शक्तिमान प्रेषक लागे आणि कानही तसाच तयारीचा लागे. चंद्र हे श्रीमंत मंडळांचे मैदान होते. जेटी-६५ ने ते साध्या घराच्या परसात आणून सोडले.

ते कसे, हे माझ्यासारख्या कारकुनास चटकन कळले, याचे कारण आमचे सारे आयुष्य छापील नमुन्यांत जाते. मनुष्याने कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला म्हणजे त्यात काय असेल याचा भरवसा नसतो. एक अक्षर पुसट झाले तर वाक्य अडते. छापील नमुन्यात मात्र रकाने ठरलेले असतात. जेटी-६५ चा संदेश हा असा तीन रकान्यांचा नमुना आहे: ज्याला हाक द्यावयाची त्याचे संकेतनाम, आपले संकेतनाम आणि आपल्या ठिकाणाचा चौकोन. जगात संभाव्य संकेतनामे सुमारे सव्वीस कोटींच्या आत बसतात, म्हणून प्रत्येक नावास शून्य-एकाच्या २८ खुणा पुरतात, चौकोनास १५. सारे मिळून ७२ खुणांत काम भागते. जुन्या तारखात्यात शुभेच्छांच्या वाक्यांस क्रमांक दिलेले असत. पाठवणारा क्रमांक पाठवी आणि घेणाऱ्याच्या हाती लग्नाचे अख्खे अभीष्टचिंतन पडे. तात्यांना मी हे साम्य दाखविले तेव्हा ते प्रथमच या नव्या विद्येकडे आपुलकीने पाहू लागले.

मग या ७२ खुणांच्या ३७८ करावयाच्या. उधळपट्टी वाटते, पण मर्म येथेच आहे. वाढविलेल्या खुणा मूळ खुणांशी गणिताने बांधलेल्या असल्यामुळे वाटेत पुष्कळ हरवल्या तरी उरलेल्यांवरून सारे पुन्हा रचता येते. त्यासाठी वापरलेले रीड आणि सॉलोमन यांचे गणित १९६० सालचे. व्हॉयेजर याने दूरच्या ग्रहांवरून धाडलेल्या चित्रांच्या कामीही तेच आले. शिवाय दोन्ही टोकांच्या घड्याळांचा मेळ हवा, कारण ऐकणाऱ्यास आरंभ कोठे हे ठाऊक असल्यावाचून ठोके एकावर एक रचता येत नाहीत. तात्यांच्या पडद्यावर एकदा दोन संध्याकाळ एकही ओळ उमटेना. त्यांनी केबल तपासली, तार उतरवून पुन्हा चढविली, मला कडुनिंबावर चढविले. दोष निघाला तो संगणकाच्या घड्याळाचा; ते चार सेकंद मागे होते.

आता या इतिहासातील ज्या वळणास मी सर्वांत अधिक महत्त्व देतो तेथे येऊ. २००५ साली टेलर यांनी आज्ञावलीचा मूळ लेख जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली खुला केला. कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. अट एवढीच की बदललेले पुढे देताना तेही तसेच खुले ठेवावे. परंतु घरात एक कुलूपबंद कपाट राहून गेले होते. आलेल्या पुसट खुणांवरून मूळ संदेश शोधण्याचे सर्वांत प्रभावी गणित कोटर आणि वार्डी या दोघा संशोधकांचे होते आणि त्यावर स्वामित्वहक्क होता. ते परवान्याने वापरता येई, पण त्याचा मूळ लेख कोणास पाहता येत नसे. खुल्या आज्ञावलीच्या शेजारी एक बंद पेटी ठेवून काम चाले. वर्षानुवर्षे चालले. हे कितीकांस खटकले असेल, पण खटकणे निराळे आणि पर्याय उभा करणे निराळे. तो पर्याय इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक आणि हौशी रेडिओवाले स्टीव्ह फ्रँके यांनी टेलर यांच्यासह उभा केला. ज्या खुणांविषयी शंका आहे त्यांतील काही चिठ्ठ्या टाकल्यागत पुसावयाच्या आणि उरलेल्यांवरून संदेश जुळतो का ते पाहावयाचे. न जुळल्यास दुसऱ्या खुणा पुसावयाच्या. असे हजारो वेळा. रीत साधी वाटते, परंतु ती जुन्या बंद पेटीच्या तोडीस उतरली, किंबहुना वरचढ ठरली. २०१६ साली त्यांनी क्यूईएक्स या नियतकालिकात ती संपूर्ण प्रसिद्ध केली. पेटी गेली.

एका नावावर सारे जमा करणाऱ्यांस या प्रसंगाचे उत्तर देता येणार नाही. नोबेल-विजेत्याच्या घरातील कुलूप दुसऱ्याच्या हातांनी निघाले, आणि ते काढू देण्याइतके मोठेपण घरमालकापाशी होते. यात मला दोघांचाही गौरव दिसतो.

पुढे २०१७ च्या उन्हाळ्यात फ्रँके आणि टेलर या दोघांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली एफटी-८ ही पद्धत आली. पूर्वी एकेका पाळीस मिनिट लागे, ते पंधरा सेकंदांवर आले. हिच्यात वापरलेले गणित रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या आपल्या प्रबंधात मांडले होते. त्या काळच्या यंत्रांस ते न पेलल्यामुळे तीस-पस्तीस वर्षे अडगळीत पडून राहिले. एफटी-८ चा प्रसार इतका झपाट्याने झाला की काही महिन्यांतच हौशी रेडिओच्या वाटेवर हिचीच वर्दळ सर्वाधिक दिसू लागली. कारणही तसेच होते. सूर्यावरील डागांचा तो पडता काळ. वातावरणाचे वरचे थर दुबळे झालेले, आवाज दूर पोहोचेनात, आणि अशा वेळी ही नवी पद्धत मोडक्या तारेवरही समुद्र ओलांडू लागली.

तथापि आज्ञावली म्हणजे केवळ गणित नव्हे. ती तऱ्हेतऱ्हेच्या संगणकांवर चालावयास हवी, शेकडो जातींच्या रेडिओंशी तिचे जमावयास हवे, आणि "माझ्याकडे चालत नाही" असे लिहिणाऱ्या प्रत्येकास कोणी तरी उत्तर द्यावयास हवे. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते अनेक वर्षे इंग्लंडातील बिल सॉमरव्हिल यांनी, विनावेतन, केले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले तेव्हा किती ओझे एका खांद्यावर होते हे जगभरच्या लोकांस उमगले. इटलीचे निको पालेर्मो यांनी नव्या पद्धतींसाठी संकेतगणित दिले. फिल कार्न यांच्या जुन्या आज्ञावलीचे तुकडे यात पायाच्या दगडांसारखे बसलेले आहेत. जर्मनीतील उवे रिसे सुधारित आवृत्ती काढीत आले. घेणारे लाखो आणि देणारे बोटांवर मोजण्याइतके, हे मात्र येथेही चुकले नाही. आमच्या कार्यालयात एक टेबल रिकामे झाले की फाइली कोठे साचतात हे मला ठाऊक आहे. म्हणून या प्रकरणाकडे मी थोड्या भीतीने पाहतो.

आपल्या देशाचा यात वाटा कोणता? हौशी रेडिओ आपल्याकडे नवा नाही. १९२१ साली कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी तो सुरू केला. १९३९ साली युद्ध पेटताच सरकारने सारे परवाने रद्द केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मे महिन्यात आजच्या मध्य प्रदेशातील महू येथे, सैन्याच्या संदेशवाहक विद्यालयात, हौशी लोकांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी तिकडे क्लॉड शॅनन यांनी गोंगाटातून संदेश कितपत निर्वेध जाऊ शकतो याचे मूलभूत गणित प्रसिद्ध केले होते. पुढची कित्येक वर्षे आपली मुख्य अडचण गणिताची नव्हती. सुटे भाग मिळत नसत. हैदराबादचे अशर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी बिटएक्स नावाचा जो रेडिओ आखला, त्यात दुर्मिळ वेटोळ्यांच्या जागी नळाचे वॉशर वापरण्याची तोड काढली आणि आराखडा सर्वांस मोकळा दिला. जगात सर्वत्र तो लोकांनी घरी बांधला. त्यांच्या पुढील काळातल्या एसबिटएक्स या यंत्रात एफटी-८ अंगभूतच आहे, आणि त्यासाठी वापरलेली आज्ञा-मालिका लाटव्हियातील एका हौशी माणसाने खुली करून दिलेली आहे. परवान्याची अट कशी फळते, ते येथे दिसते.

आणि क्षीण संकेत ऐकण्याची विद्या मराठी मुलखासही परकी नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या द्राक्षबागांच्या परिसरात आकाशाकडे तोंड करून आहेत. त्यांनी केलेल्या स्पंदकांच्या वेळमोजणीचा उपयोग २०२३ साली जाहीर झालेल्या मंदगती गुरुत्वीय लहरींच्या पुराव्यात झाला. म्हणजे टेलर आणि हल्स यांनी १९७४ साली जी वाट पाडली तिच्यावरचा एक मुक्काम आपल्या खोडदला आहे. तेथे नोंदी जुळविणारेही अनेक देशांचे, आणि कांचघरच्या गच्चीवरील तारेमागे उभे असलेलेही अनेक देशांचे.

इतके सांगूनही तात्यांची एक तक्रार शिल्लक उरते आणि ती मला सहजी खोडता येत नाही. "हे बोलणे नव्हे," ते म्हणतात. "ही पोचपावती. तू कोण, मी कोण, किती जोराने ऐकू आलास, नमस्कार. दीड मिनिटात संपले. मोर्समध्ये माणसाचा हात ओळखू येई. अमका कलकत्त्याचा, तमका नागपूरचा, हे ठोक्यावरून कळे. येथे सर्वांचा हात सारखाच." जगभरच्या जुन्या लोकांनी हेच गाऱ्हाणे मांडले, आणि परवाना खुला असल्यामुळे ते नुसते गाऱ्हाणे राहिले नाही. जॉर्डन शेरर यांनी २०१८ साली याच गणितावर मनमोकळे लिहिता येईल अशी निराळी आज्ञावली तयार केली. पण तिच्यावर मंडळी थोडी. छापील नमुना सोयीचा असतो आणि सोय माणसाला चटकन जिंकते, हे मी कारकून असल्यामुळे अधिकाराने सांगू शकतो.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी तात्यांस एमके-६८ या चौकोनातील एका स्थानकाने उत्तर दिले. आमचे जबलपूर एमएल-९३ मध्ये येते. शहराच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर ८० अंशांची रेषा ओलांडली की चौकोन बदलतो. एमके-६८ मध्ये मात्र पुणेही येते आणि मुंबईचा दक्षिण भागही. तेव्हा सुमारे आठशे किलोमीटरांवरचा हा गृहस्थ कुठला, हे त्या नमुन्यावरून समजेना. तीन रकान्यांत ते विचारण्यास जागा नव्हती. तात्या थोडा वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "अरे, मोकळ्या मजकुराची तेरा अक्षरे मिळतात म्हणतोस ना?" मी ती जागा दाखविली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने, रोमन लिपीत, 'मराठी का?' एवढे टंकित केले. पंधरा सेकंद प्रेषक चालला. पुढच्या पंधरा सेकंदांत कर्ण्यातून तीच खरखर. पडद्यावर ओळ आली: 'हो पुणे ७३'. बिनतारी लोकांच्या जुन्या रीतीप्रमाणे ७३ म्हणजे स्नेहपूर्वक नमस्कार.

तात्यांनी वही ओढली. संगणक सर्व नोंदी आपोआप ठेवतो, तरी त्यांची ही वही निराळी आहे. तारीख, वेळ, चौकोन लिहून त्यांनी संकेताच्या जोराच्या रकान्यात 'उणे अठरा' असा आकडा घातला, आणि शेऱ्याच्या रकान्यात, जो एरवी कोरा असतो, 'पुणे. मराठी.' असे लिहिले.